पाहणी आणि डागडुजी : पेणच्या खारबांधांच्या इतिहासातील एक प्रश्न

पेण तालुक्यातील जोहे हे गाव आज गणेशमूर्तींच्या कारखान्यांमुळे महाराष्ट्रभर ठाऊक झाले आहे. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून मूर्ती मुंबई-पुण्याकडे रवाना होतात, आणि या व्यवसायाच्या गजबजाटात त्या परिसराची जुनी ओळख सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जोह्याकडून खाडीच्या रोखाने पुढे गेले म्हणजे जमीन सखल होत जाते आणि दादर, रावे यांसारख्या खाडीकाठच्या गावांच्या आसपास खारपट्टा लागतो. येथील भातजमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खाली आहे. ती जमीन म्हणून टिकून आहे याचे कारण एकच : तिच्या आणि खाडीच्या मध्ये मातीचा बांध आहे. बांध आहे तोवर शेत आहे. बांध गेला की त्याच जागी पुन्हा खाडी.

संस्थेने आपल्या कामावर देखरेख ठेवावी, त्याचे मूल्यमापन करावे आणि त्यातून शिकून काम सुधारावे, हा विचार सार्वजनिक कारभाराच्या चर्चेत आता इतका रूढ झाला आहे की त्यामागे काही प्रश्न आहे असेच वाटेनासे झाले आहे. वस्तुतः मूल्यमापन होणे आणि संस्था शिकणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली म्हणजे दुसरी आपोआप होते असे नाही. ती केव्हा होते आणि केव्हा होत नाही, याचा शोध घेण्यास खारबांधांच्या इतिहासाइतके उघड उदाहरण कोकणात दुसरे सापडणे कठीण. कारण येथे चुकीची किंमत अहवालात नव्हे, शेतात दिसते, आणि तीही पंधरा दिवसांच्या आत.

प्रारंभी शब्दांकडे पाहणे उपयोगाचे ठरेल. ‘मूल्यमापन’ हा शब्द मराठीत अलीकडचा; संस्कृत अवयवांपासून शास्त्रीय व्यवहारासाठी घडविलेला. त्यात मोल ठरविणे आहे, मोजणे आहे. परंतु मोजल्यानंतर काय करावयाचे याची सूचना त्यात नाही. जुन्या मराठी कारभारात या क्षेत्रात दोन शब्द वावरत होते : ‘झडती’ आणि ‘पाहणी’. पेशवाईतील कागदपत्रांत झडती म्हणजे महालाच्या जमाखर्चाचा वर्षाअखेरीचा हिशेबी निकाल. ती वरच्यासाठी असे. मामलेदाराच्या कारभारावर फडणीस, मुजुमदार आदी दरखदारांचा जो वचक ठेवलेला होता, तोही याच जातीचा. या दरखदारांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदाराला नसे, आणि त्यातच त्या व्यवस्थेचे मर्म होते. झडतीचा हेतू जाब घेणे हा होय. पाहणी हा शब्द मात्र ‘पाहणे’ या साध्या क्रियापदापासून आला आहे. महसुलात पीकपाहणी होती, जमिनीची पाहणी होती, आणि त्या पाहणीतही सरकारचा हात अर्थातच होता. तरी या क्रियापदाचे मराठीत एक वेगळे अंग आहे, ते दुर्लक्षून चालणार नाही. ‘करून पाहणे’, ‘चाखून पाहणे’, ‘विचारून पाहणे’ अशा संयुक्त क्रियापदांत पाहणे म्हणजे डोळ्यांनी बघणे नव्हे, तर प्रयोग करून त्याच्या फलावरून पुढचे ठरविणे. भाषेने पाहण्यात करणे आणि शिकणे दोन्ही मुरवून ठेवली आहेत. झडती झाली म्हणजे काम संपते. करून पाहिले म्हणजे पुढचे काम सुरू होते.

आता बांधाकडे. खारबांधाचे तंत्र दिसावयास साधे आहे. बाहेरच्या बाजूस, खाडीच्या अंगाला मुख्य बांध. त्याला बाहेरकाठा म्हणतात. त्यात ठिकठिकाणी उघाड्या बसविलेल्या असतात. उघाडीचे दार असे टांगलेले असते की ओहोटीच्या वेळी आतील पावसाचे पाणी त्याला ढकलून बाहेर पडते आणि भरती आली म्हणजे खाडीचे पाणी तेच दार दाबून बंद करते. दाराला राखणदार लागत नाही, कारण पाणी स्वतःच ते उघडते आणि लावते. परंतु दाराच्या फटीत एखादे ओंडके अडकले, गाळ साचला किंवा फळी कुजली, तर भरतीचे खारे पाणी निर्वेध आत शिरते. उलट दार मिटलेलेच राहिले, तर आषाढातल्या पावसात रोपे आतल्या आत कुजतात. बांधाचेही तसेच. खेकड्याने पाडलेले बीळ किंवा उंदराचे भोक प्रथम बोटभर असते. उधाणाच्या भरतीचे पाणी त्यातून झिरपू लागले की माती वाहते, भोक रुंदावते, आणि दोनचार भरत्यांत तेथे खांड पडते. मग गावची सगळी माणसे लागली तरी ती बुजविणे सोपे राहत नाही. आत शिरलेले मीठ धुऊन निघावयास पुढे काही पावसाळे जावे लागतात.

म्हणजे या जमिनीवरील पाहणीचे वेळापत्रक कोणा अधिकाऱ्याने ठरविलेले नाही. ते चंद्राने ठरविले आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या पाठोपाठ उधाण येते. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतले अंतर कमी. भांगाच्या दिवसांत भोक शोधावयाचे आणि बुजवावयाचे, उधाणात त्याची परीक्षा व्हावयाची. दर पंधरवड्याला पाहणी, दुरुस्ती आणि पडताळा यांचे एक आवर्तन पुरे होते. बांधावरून फिरणाऱ्या आगरी शेतकऱ्याला गेल्या उधाणात कोठे ओल दिसली होती हे ठाऊक असे, आणि या उधाणात ती दिसली नाही तर आपली मातीची निवड व दाबणी बरोबर होती हेही कळत असे. भाताची कापणी आटोपल्यावर मोठी डागडुजी निघावयाची : खाडीतला चिकट गाळ खणून त्याचे गोळे हातोहात बांधावर चढवावयाचे, उंची वाढवावयाची, उघाडीच्या फळ्या बदलावयाच्या. या सर्व व्यवहारात पाहणारा आणि दुरुस्त करणारा ही दोन माणसे नव्हती, आणि पाहणे व दुरुस्ती यांच्यामध्ये कागद नव्हता. आधुनिक परिभाषेत ज्याला प्रत्याभरण म्हणतात, ते येथे पायाखालच्या मातीतून मिळत होते.

तथापि या चित्रावर भाळून जाण्याचे कारण नाही. जुन्या कुलाबा जिल्ह्यात — १९८१ पासून ज्याचे नाव रायगड आहे — खारजमिनींचा एक मोठा भाग शिलोत्री पद्धतीचा होता. समुद्रापासून मिळविलेल्या जमिनीचा बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रीदाराची, आणि त्या मोबदल्यात कसणाऱ्यांकडून ठरलेले धान्य घेण्याचा हक्कही त्याचा. १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या पद्धतीची नोंद आहे. कर्तव्य आणि हक्क यांची ही जोडी वरवर न्याय्य दिसते. पण तिच्यात एक खोच आहे. धान्य वाट्याला येते ते बांध राखल्याबद्दल; परंतु बांध चांगला राखला की वाईट, याचा निवाडा ज्याने करावयाचा तो कसणारा शिलोत्रीदाराहून दुबळा. त्याची पाहणी खरी असली तरी तिला अधिकार नव्हता. बांधावरची ओल ज्याला प्रथम दिसे, त्याच्या हाती कुदळ होती. खर्चाचा निर्णय नव्हता. जिल्ह्यातील जमीनमालक आणि कुळे यांच्यातील संबंध किती ताणलेले होते, याची साक्ष शेजारच्या अलिबाग तालुक्यातील चरीच्या संपाने दिली. १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला तो संप १९३९ पर्यंत चालला आणि त्या काळात कुळांनी जमिनी पडीक ठेवल्या. गावाच्या सामूहिक शहाणपणाचे गोडवे गाताना हा काळ वगळून चालणार नाही. शहाणपण होते, ते कोणाच्या लाभासाठी राबत होते, हा प्रश्नही होता.

इंग्रजी अमदानीत सरकारने खारजमिनीच्या मिळकतीस उत्तेजन दिले, त्या नियमांत मूल्यमापनाचा एक वेगळाच नमुना आढळतो. मुंबई इलाख्याच्या जमीन महसूल नियमांप्रमाणे खार मिळविण्यासाठी दिलेल्या पट्ट्यावर पहिली १० वर्षे सारा नाही, पुढील २० वर्षे एकरी ४ आणे, आणि त्यानंतर कायम आकारणी. अट अशी की १० वर्षांच्या अखेरीस निम्मे क्षेत्र लागवडीस योग्य झाले पाहिजे व २० वर्षांच्या अखेरीस सर्व; नाही तर पट्टा रद्द होण्यास पात्र. आजच्या प्रकल्प अहवालांत जे टप्पे व उद्दिष्टे दिलेली असतात, त्यांचे हे पूर्वज म्हणावयास हरकत नाही. नियम स्वच्छ आहे, मोजण्यास सोपा आहे, आणि फसवणुकीस वाव कमी ठेवणारा आहे. परंतु त्याने मोजावयाचे ते क्षेत्र. दहाव्या वर्षी निम्मी जमीन लागवडीस आली की नाही, हे सांगणाऱ्या मोजणीतून कोणत्या वळणावर बांध पुन्हा पुन्हा फुटतो, कोठली उघाडी लहान पडते, हे कळण्याचा मार्ग नाही. ही झडती आहे. तिने पट्टेदाराला वठणीवर आणता येते, पण शहाणे करता येत नाही. अर्थात राज्यसंस्थेला झडतीवाचून चालत नाही. तक्रार झडतीविरुद्ध नसून तिलाच पाहणी समजण्याविरुद्ध आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकात खारपट्ट्यातील संबंध झपाट्याने बदलले. १९४८ हे वर्ष येथे दुहेरी महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी मुंबई खारजमीन कायदा झाला आणि बांधबंदिस्तीच्या योजना हाती घेण्यासाठी मंडळ निर्माण झाले. त्याच वर्षी कूळकायदाही झाला, व पुढे १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कुळे जमिनीचे मालक ठरली. मधल्या काळात, १९५५ मध्ये, कुलाब्यातील शिलोत्री हक्क कायद्याने रद्द झाले. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ही पावले आवश्यक होती, याबद्दल दुमत असू नये. तथापि प्रत्येक जुन्या हक्काला एक कर्तव्य चिकटलेले होते. हक्क कायद्याने नाहीसा करता येतो. त्याला जोडलेले काम तसे नाहीसे होत नाही, कारण खाडी भरतीला येतच राहते. एका मालकाच्या सक्तीखाली का होईना, जो बांध एकत्र राखला जात होता, त्याच्या मागे आता अनेक छोटे मालक होते. बांध सर्वांचा झाला म्हणजे त्याची पाहणी करण्याची पाळी नेमकी कोणाची, हे कोणत्याच कायद्याच्या कलमातून सुटणारे कोडे नव्हते. अखेर १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास कायद्याने ही कामे शासकीय यंत्रणेच्या कक्षेत अधिक पक्केपणाने आणली. पेण येथे खारभूमी विकासाचे विभागीय कार्यालय आहे. अभियंत्यांचे ज्ञान, यंत्रे आणि निधी यांचा लाभ बांधांना मिळाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पंधरवड्याचे ते आवर्तन तुटले. बांधावर ओल पाहणारा आता अर्ज लिहितो. अर्जावरून पाहणी, पाहणीवरून अंदाजपत्रक, अंदाजपत्रकावरून मंजुरी, मंजुरीवरून निविदा. या मालिकेतील एकही दुवा अनावश्यक आहे असे म्हणता येणार नाही, कारण सार्वजनिक पैशाचा जाब द्यावा लागतो. मात्र त्या अवधीत उधाणे येऊन गेलेली असतात आणि बोटभर भोकाची खांड झालेली असते.

हीच अडचण देशाच्या पातळीवर निराळ्या रूपाने दिसते. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली, आणि त्याच महिन्यात नियोजन मंडळाच्या अखत्यारीत कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन झाली. तिचे संचालकपद पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. दत्तात्रेय गोपाळ कर्वे यांच्याकडे आले होते. महाराष्ट्रातील अर्थशास्त्राला हा विषय नवखा नव्हता. धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतर्फे गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभांची पाहणी करून तिचा अहवाल १९४८ मध्येच प्रसिद्ध केला होता. नव्या संघटनेची रचना करताना एक दक्षता घेण्यात आली : योजना राबविणारी यंत्रणा आणि तिचे मूल्यमापन करणारी यंत्रणा वेगवेगळ्या ठेवण्यात आल्या. स्वतःच्या कामाला स्वतःच गुण देण्याचा मोह टळावा, हा हेतू. त्यामुळे अहवालांत स्पष्टोक्ती आली. लोकांचा सहभाग अपेक्षेइतका नाही, ही अप्रिय गोष्ट त्यांनी नोंदविली. या निष्कर्षांचा उपयोग झाला नाही असे नव्हे : १९५७ च्या बलवंतराय मेहता समितीपुढे ते होते, आणि त्या समितीने सुचविलेल्या दिशेने महाराष्ट्रातही १९६१ चा कायदा होऊन १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. म्हणजे राज्यसंस्था शिकली. पण या शिक्षणाला दहा वर्षे लागली. शासनाच्या घडणीत बदल करावयाचा तर हा वेग वाईट नव्हे. खारबांधाला मात्र पंधरा दिवसांहून अधिक मुदत नसते. मूल्यमापनाच्या चर्चेत स्वायत्तता, अचूकता, निकष यांवर पुष्कळ लिहिले जाते. वेगाविषयी तुलनेने फार थोडे. ज्या कामात चूक जितक्या त्वरेने वाढते, तितक्याच त्वरेने पाहणी दुरुस्तीपर्यंत पोहोचली पाहिजे, हा साधा हिशेब त्यात हरवतो. कर्वे यांच्या वेळची ती संघटना २०१५ मध्ये नव्या कार्यालयात विलीन झाली, आणि त्याच्या नावात मूल्यमापनाबरोबर संनियंत्रणही आले. त्याने हा हिशेब सुटतो की नाही, ते नावावरून ठरणार नाही.

समुद्रसपाटीखालच्या जमिनीचा देश म्हणून हॉलंडचे उदाहरण नेहमी दिले जाते, ते बहुधा तेथील अभियांत्रिकीसाठी. खरे पाहता तेथील जलमंडळांची पाहणीची पद्धत अधिक विचार करण्याजोगी आहे. राइनलंड भागातील मंडळाचा उल्लेख १२५५ च्या सनदेत येतो. बांधाचा तुकडा ज्याच्या वाट्याचा, त्याने तो राखावयाचा. ठरलेल्या दिवशी बांधप्रमुख व त्याचे पंच बांधावरून फिरावयाचे, आणि तुकडा नादुरुस्त आढळला तर तो लगेच दुरुस्त करवून खर्च दंडासह मालकाकडून वसूल करावयाचा. या फेरीला तिकडे ‘स्खाऊ’ म्हणतात, आणि त्याचाही मूळ अर्थ पाहणे हाच. येथे झडती आणि पाहणी एकाच फेरीत गुंफलेल्या आहेत : जाबही आहे, दुरुस्तीही आहे, आणि दोन्ही त्याच बांधावर. तरीही ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री वादळी भरतीने नैर्ऋत्येकडील बांध फुटले आणि १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. बांधांच्या उंचीबद्दल योहान फान व्हेन या अभियंत्याने पूर्वीच इशारे दिले होते. १९३९ पासून वादळी भरतीचा अभ्यास करणारी समितीही होती. गावच्या फेरीला खेकड्याचे बीळ दिसत होते, शतकातून एकदा येणारी भरती दिसत नव्हती. ज्यांना ती गणिताने दिसली, त्यांच्या हाती बांध नव्हता. आपत्तीनंतर मात्र डेल्टा योजना उभी राहिली, आणि त्या वेळी सुमारे अडीच हजार असलेली जलमंडळे एकत्र होत होत आज २१ उरली आहेत. स्थानिक पाहणी सर्वज्ञ नसते, हा या घटनेचा अर्थ. पेणलाही समुद्राची पातळी आणि पावसाचा जोर यांचे दीर्घ गणित बांधावरून फिरणाऱ्याला दिसणार नाही. ते कोणीतरी करून त्याच्यापर्यंत आणावे लागेल.

गोव्यातील खाजणांचा इतिहास याच प्रश्नाची आणखी एक बाजू दाखवितो. तेथे बांध आणि मानस — म्हणजे पेणकडची उघाडी — यांची व्यवस्था गावकरीकडे, पुढे कोमुनिदादकडे होती. मुक्तीनंतर १९६४ च्या कूळकायद्याने कसणाऱ्यांना संरक्षण मिळाले व बांधांची देखभाल कुळांच्या संघटनांकडे आली. परंतु मानशीजवळ मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो, आणि त्यातून येणारा पैसा भाताच्या उत्पन्नाहून भरघोस ठरू लागला. दार लवकर बंद ठेवण्यापेक्षा भरतीचे पाणी आत घेण्यात ज्याचा लाभ, त्याच्याच हाती दार आले, तर पाहणी कितीही नियमित असली तरी तिचा निष्कर्ष ठरलेला असतो. तेव्हा पाहणारा आणि दुरुस्त करणारा एक असणे हेही पुरेसे नाही. बांध फुटल्याची झळ त्यालाच लागली पाहिजे. मूल्यमापनाच्या पाठ्यपुस्तकांत निकष कोणते असावेत यावर प्रकरणे असतात. निकषामागे कोणाचे पीक उभे आहे, हे विचारणारे पान क्वचित आढळते.

पेणच्या खारपट्ट्यात आज खांड पडलेल्या काही क्षेत्रांत कांदळवन वाढले आहे. एकदा ते वाढले की बांध पुन्हा घालण्याचा प्रश्न केवळ शेतीचा राहत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानंतर कांदळवनाला असलेले संरक्षण अधिक कडक झाले, आणि किनाऱ्याच्या हिताने ते योग्यही आहे. परंतु वेळेवर न झालेल्या दुरुस्तीची किंमत येथे दुणावते, कारण उशिरा केलेली दुरुस्ती आता अशक्यच ठरू शकते. दुसरीकडे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने क्षार सहन करणारी भाताची वाणे दिली आहेत. ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ ही नावे या भागातील शेतकऱ्याला परिचित आहेत. दर हंगामाला रोप लावून, निवडून, पुन्हा लावून पाहण्याची ती पद्धत. तिच्यात पाहणे आणि सुधारणे यांच्यात अंतर पडलेले नाही. मात्र तिने सोडविलेला प्रश्न मिठात पीक कसे तगेल हा आहे, मीठ आत येऊ कसे द्यायचे नाही हा नव्हे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. तलाठ्याने शेतावर जाऊन करावयाची नोंद आता शेतकरी स्वतः शेतात उभा राहून, छायाचित्रासह, आपल्या मोबाईलवर करतो. पाहणी पुन्हा कसणाऱ्याच्या हाती आली, असे म्हणता येईल. खारपट्ट्यातील शेतकरी त्या नोंदीत आपले भात दाखवू शकतो, आणि जमीन पडीक असेल तर तेही. गाव नमुना बारामध्ये पिकाचा रकाना आहे, क्षेत्राचा आहे, पडीकाचा आहे. बाहेरकाठ्यावर कालच्या उधाणात दिसलेल्या ओलीसाठी तेथे रकाना नाही.